तेल ओळखणारी बोटं

महाग तेलानं जुनी गाडी तरुण होते, असं मला वाटे. म्हणून गोंदियाहून सोनेरी डब्यातलं सिंथेटिक तेल आणून मी मोटारसायकलमध्ये ओतलं. दोनच दिवसांत नवेगाव बांधच्या चढावर इंजिन गर्जत राहिलं आणि गाडी जागची हलेना. जंगलापलीकडच्या शाळेत मी एकटाच शिक्षक, त्यामुळे गाडी बंद म्हणजे शाळा बंद.

गाडी ढकलत मी चढाखालच्या मेकॅनिककडे नेली. इंजिनातलं थेंबभर तेल चिमटीत चोळून त्यानं डोळे मिटले.

“गुरुजी, कारचं तेल काऊन टाकलं?”

“डब्यावर सर्वोत्तम लिहिलं होतं.”

“कारसाठी हायेच. तिचा क्लच कोरडा राहते, तुमच्या गाडीचा तेलात बुडून राहते. इतक्या गुळगुळीत तेलात तो पकडन कसा?”

पदव्यांपुढेही मी सहसा वाकत नाही. त्या काळ्या बोटांकडे मात्र बघतच राहिलो.

दुचाकीचं तेल भरून त्यानं मला चढावर पाठवलं आणि स्वतः पाठ फिरवून नुसता ऐकत उभा राहिला. मी अजून धास्तावलेलाच होतो, तोच खालून हाक आली, “क्लच पकडला, गुरुजी! जा आता, पोरं वाट पाहून राहिले.”

मला कळण्याआधी त्याला कळलं होतं.