फाटकाचं मुकं धुरांडं

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधल्या थॉर्नकोट इस्टेटीच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना एकेक घरकुल बांधलं, शोभेसाठी अगदी जुळी. फाटकवाल्या हेप्झिबाचं स्वयंपाकघर डावीकडे, झोपायची खोली रस्त्यापलीकडे उजवीकडे. उजवं धुरांडं मात्र नुसतं दिखाऊ, खाली चूलच नाही! सांधेदुखीनं बेजार झालेला तिचा नवरा इलाय तिथे हिवाळाभर कुडकुडायचा. चूल मागितली की इस्टेटीच्या मालकीणबाई म्हणायच्या, "आणखी एक गोधडी घे."

एकदा त्यांची बग्गी थांबताच हेप्झिबा हळहळली, "बाईसाहेब, पाहुणे हसतात हो! धूर एकाच बाजूनं निघतो, फाटक लंगडं दिसतं म्हणे."

बाईसाहेबांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. आठवड्यात गवंडी हजर!

"कोण गं हसलं?" नव्या चुलीपाशी पाय शेकत इलायनं विचारलं.

"हसेल की कुणीतरी," म्हणत तिनं तिथेच चहाचं आधण ठेवलं.