वीस मिनिटांचं स्टूल

"सैल हाय म्हणून बरं वाटतंय तुला. सैल बूट बी दुकानात बराच वाटतो. काढ ते."

"अवो, पण ह्यात हवा खेळती."

"हवा खेळती आन् डोस्कं बी खेळतंय. थांब, दावती."

आयडेलानं कर्टिसच्या हनुवटीखालचा पट्टा आवळला, त्याच्या पाठीमागं गेली आणि हेल्मेटच्या मागल्या कडेखाली दोन्ही अंगठे घालून वर रेटलं. हेल्मेट पुढं लवंडून कर्टिसच्या नाकावर आलं.

"पट्टा लावल्याला हाय, तरी निगालं. गाडीवरनं पडलास तर हे जाईल मक्यात आन् तू जाशील चरात. मग दोगं एकमेकाला हुडकत बसा."

"बरं, मग बारकं द्या."

"बारकं न्हवं, मापाचं. गाल दाबतील, दाबू देत. बोलताना गाल दाताखाली आला पायजे. पंदरा दिवसांत आतली गादी बसती."

कर्टिस डुकरं पाळतो. गडी आडवा, मान जाड, तोंड आधीच गोल. मापाचं हेल्मेट चढवल्यावर तो भोपळ्यात तोंड घातल्यासारखा बोलायला लागला. आयडेलानं खिडकीजवळच्या स्टुलाकडं बोट दाखवलं.

"बस. वीस मिनिटं."

"वीस? मी पेरणी टाकून आलोय."

"मग पेरणी झाल्यावर ये."

कर्टिस बसला. तिनं पत्र्याच्या कोंबड्याच्या पोटातली किल्ली पिळली. अंडी उकडताना लावतात तसलं ते घड्याळ, तिच्या स्वयंपाकघरातनं आणलेलं. कोंबडा टिकटिकायला लागला.

आमचं मोटरसायकलीच्या सामानाचं दुकान नदीकडं उतरणाऱ्या रस्त्याला आहे. पुढं तेल, साखळ्या, हातमोजे. मधे गवत कापायची यंत्रं. मागं टायर आणि मी. खिडकीचा कोपरा हेल्मेटांचा, म्हणजे आयडेला रुस्टाडचा. आमच्या आयोवात डोकं झाका असं सांगणारा कायदा नाही. या नदीपासून त्या नदीपर्यंत माणूस बोडक्यानं गाडी हाणू शकतो, आणि निम्मे हाणतातच. उरलेले आपल्या मनानं घालतात. पण मनानं घेणारा माणूस आधी रंग बघतो, मग सैलपणा बघतो, आणि आरशात बघून खूश होऊन निघतो. तसं कुणाला निघू द्यायचं नाही, हा आयडेलाचा धंदा.

पहिली पाच मिनिटं प्रत्येक हेल्मेट खोटं बोलतं, असं ती म्हणते. खरं ते विसाव्या मिनिटाला बोलतं. मग ती हेल्मेट काढायला लावते, तुमचं डोकं खिडकीच्या उजेडाकडं वळवते आणि कपाळ वाचते. मधोमध लाल ठिपका उठला असेल तर हेल्मेट गोल आणि तुमचं डोकं लांबट. "माप न्हाई चुकलं, घाट चुकला," म्हणते, आणि दुसऱ्या घाटाचं काढते. मग परत कोंबडा, परत वीस मिनिटं. एकदा एका पाद्र्याला तिनं दीड तास बसवला होता. शेवटी तो म्हणाला, एवढा वेळ तर माझं प्रवचनसुद्धा चालत नाही. ती म्हणाली, म्हणूनच लोक सुधारत न्हाईत.

आणखी एक रीत तिची. नवं घेतलं की जुनं तिच्या हवाली करायचं. पाच-सहा वर्षांत आतला थर मरतो; वरनं हेल्मेट ठणठणीत दिसतं, पण आत जीव नसतो. कचऱ्यातनं कुणी उचलून घालू नये म्हणून ती तुमच्यादेखत कात्रीनं पट्टा कापते. चांगले बाप्ये त्या वेळी दुसरीकडं बघतात.

पण तिच्या टेबलामागं खिळ्याला एक हेल्मेट होतं, डाळिंबी रंगाचं, पट्टा न कापलेलं. दहा वर्षांचं. काचेवर किड्यांचे डाग तसेच होते. कुठल्या तरी पश्चिमेकडच्या वाळवंटातले ते किडे, आणि तिनं ते पुसले नव्हते.

त्याचं असं आहे. आयडेला कधीकाळी अशी गाडी मारायची की मी मागं राहायचो. एक्कावन्न वर्षांची असताना एकटी पॅसिफिकपर्यंत जाऊन आली, एकोणीस दिवसांत. नवऱ्यानं फोनवर विचारलं, समुद्र कसा आहे. म्हणाली, वला हाय. चौपन्नाव्या वर्षी एका सकाळी अंडी तळताना स्वयंपाकघर फिरलं. डाव्या कानात भुंगा बसला आणि तोल गेला. डॉक्टरनं दोन चाकं बंद केली. तिनं गाडी शेजारच्या तालुक्यातल्या एका शिक्षिकेला दिली. ती बाई अधनंमधनं आमच्या रस्त्यानं जाते. आयडेलाला उजव्या कानानं लांबूनच आवाज कळतो. ती हातातलं काम थांबवत नाही. गिऱ्हाईक बोलत असेल तर त्याला मात्र परत सांगावं लागतं.

मेच्या पहिल्या रविवारी आमच्याकडं गाड्यांना आशीर्वाद असतो. चर्चच्या अंगणात ऐंशीएक गाड्या लागतात, पाद्री बादली घेऊन फिरतो आणि पाइनच्या फांदीनं एकेकीवर पाणी मारतो. मग सगळे नदीच्या वाटेनं चाळीस मैल जातात, ॲपल पाय खातात आणि परत येतात. सात वर्षं आयडेला कॉफीच्या भांड्याजवळ उभी राहत आली. शेवटची गाडी गेली की ती रस्त्याच्या कडेपर्यंत जाते, आवाज संपेपर्यंत थांबते, आणि मग भांडं घासायला घेते. समोरून गाडीवाला आला की आम्ही डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवतो. ती खूण गाडीवर असलेल्याचीच. कॉफी ओतणाऱ्या बाईला कुणी दाखवत नाही. त्यात कुणाचा आकस नाही, तशी रीत नाही एवढंच.

तर कर्टिस भोपळ्यात बसला होता आणि ऑर्व्हल आत आला. हा चौऱ्याहत्तरीचा गडी, जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला. त्याच्या गाडीला शेजारी साइडकार जोडलेली आहे. त्यात त्याची बायको फर्न बसायची.

"आयडेला, रविवारी काय करतीस?"

"कॉफी."

"फर्नचा गुडगा वाकंना झालाय. म्हणती, त्या पाळण्यात आता मेल्यावरच बसीन. जागा मोकळी हाय."

"मग डुक्कर बसव. कर्टिस देईल एक."

स्टुलावरनं कर्टिस काहीतरी बोलला, कुणाला कळलं नाही.

"पोरी, ऐक," ऑर्व्हल म्हणाला. ती एकसष्टाची झाली तरी तो तिला पोरगीच म्हणतो. "डॉक्टर दोन चाकांचं बोलला हुता न्हवं? ही तीन हायत. पडायचं म्हणलं तरी पडत न्हाई."

कोंबडा वाजला. आयडेलानं कर्टिसचं कपाळ बघितलं, साफ होतं. हेच घे आन् जुनं दे, म्हणाली. पण त्याचं जुनं हेल्मेट कापताना कात्री हातात धरून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. कर्टिसला वाटलं, आपल्यावर दया येतीय.

"डॉक्टर दोन चाकांचं बोलला हुता," ती स्वतःशीच म्हणाली, आणि कच्चकन पट्टा कापला.

गुरुवारी दुपारी मी टायर चढवत होतो. वर बघितलं तर आयडेला डाळिंबी हेल्मेट घालून आरशासमोर उभी.

"बसतंय की," ती म्हणाली.

"कधीचं हाय ते?"

"तू टायर बघ."

मी गेलो, तिच्या खणातली कात्री काढली आणि टेबलावर ठेवली. ऑर्व्हल तिथंच कॉफी पीत होता. तो कपात बघायला लागला. आयडेलानं हेल्मेट उतरवलं, उलटं केलं, आतल्या गादीवरनं अंगठा फिरवला. बोटाला काळा भुगा लागला.

"लई श्याना झालास तू," ती मला म्हणाली. मग पट्टा कापला. जाड होता, तीनदा कात्री चालवावी लागली.

स्वतःचं डोकं तिला पाठ आहे. लांबट, कानशिलाशी चिंचोळं. फळीवरनं तिनं सरळ एकच उतरवलं, राखी रंगाचं. पण मागनं अंगठे घालून स्वतःचं स्वतःला रेटता येत नाही. ते मला करावं लागलं, आणि त्याआधी तिनं मला दोनदा साबणानं हात धुवायला पाठवलं. रेटलं, निघालं नाही. डावीउजवीकडं हिसडलं, तर गालाची कातडी बरोबर फिरली, हेल्मेट नुसतं सरकलं नाही.

"मापाचं हाय," मी म्हणालो.

"ते कोंबडा सांगंल." ती स्टुलावर बसली आणि किल्ली पिळली.

सात वर्षांत तिला त्या स्टुलावर बसलेली मी पहिल्यांदा बघत होतो. काच खाली केलेली, हात मांडीवर, तोंड खिडकीकडं. बाहेर हिवाळ्यात बर्फावर घसरू नये म्हणून टाकलेली वाळू अजून रस्त्याच्या कडेला होती.

"कोपऱ्यावरची वाळू झाडली का?" आतनं, विहिरीतनं यावा तसा आवाज आला.

"शनवारी झाडत्यात," ऑर्व्हल म्हणाला.

"ओढ्याच्या उताराला अजून गारवा येतो?"

"कसला गारवा?"

"तू तर चालीवतोस तिथनं. उन्हातनं खाली उतरलं की गुडग्यापासनं गार लागतं. पाण्यात पाय घातल्यावानी. आन् पूल गेला की परत ऊन. कारमदी हे काय कळत न्हाई. मी कितींदा काच खाली करून बघितली. वास बी येत न्हाई नीट. कुनाची डुकरं, कुनाचं गवत, समदं आलं की निसतं एकच."

ऑर्व्हलनं विचार केला. "येत असंल गारवा," तो म्हणाला. "मी कोट घालतो."

आठ मिनिटं झाली. ऑर्व्हल म्हणाला, "झालं की. झक्कास बसलंय. घे आन् ऊठ."

तिनं नुसतं कोंबड्याकडं बोट केलं. दुसऱ्या कुठल्याही दुकानात असती तर एव्हाना पिशवी हातात घेऊन बाहेर पडली असती, आणि रविवारी पाळण्यात बसली असती.

शेवटच्या तीन मिनिटांत ती गिऱ्हाइकाला मान फिरवायला लावते. रस्त्याला लागताना मागं बघतो तसं, उजव्या खांद्यावरनं, डाव्या खांद्यावरनं. मानेला कड लागते का बघायला. तिनंही तेच केलं. उजवीकडं बघितलं, ठीक. डावीकडं बघितलं आणि तिचा हात खिडकीच्या चौकटीला गेला. बोटं पांढरी पडली. काचेआड डोळे जागेवर राहत नव्हते. मी तिला दंडाला धरलं. ऑर्व्हलनं कप ठेवला.

"काढू?"

"थांब. आधी... भिंत उभी ऱ्हाऊ दे."

काही वेळानं मी पट्टा सोडला. डोळे मिटलेलेच ठेवून तिनं कपाळ माझ्याकडं केलं.

"बघ."

"साफ हाय. ठिपका न्हाई."

"म्हंजी घाट बराबर हाय," ती म्हणाली.

ऑर्व्हल पुढं सरकला. "उकडलं असंल. काच उगडी ठेवू. मी सायकलीवानी चालीवतो, हळू."

"ऑर्व्हल, नदीच्या वाटंला वळणं किती?"

"कोन मोजतंय."

"एकशेबारा. पयल्या धा वळणांत मी वकणार, आन् ते बी ह्याच्या आत. तू माज्याकडं बघणार. मग म्होरं कोन बघणार?"

तेवढ्यात वीस मिनिटं भरली आणि कोंबडा वाजायला लागला. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत राहिलो. आयडेलानं चाचपडत हात पुढं केला आणि तो बंद केला.

"दुसऱ्या कुनाला असं झालं असतं तर तू हेल्मेट दिलं असतंस?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"न्हाई," ती म्हणाली.

ऑर्व्हलनं टोपी घातली. "कॉफी तरी करशील न्हवं रविवारी?"

"मागल्या साली दोन कप पिऊन तीन ठिकाणी थांबलास. अर्धाच देईन."

तो गेला. बाहेर गाडी सुरू झाली. रिकामी साइडकार घेऊन तो खिडकीसमोरनं जाताना त्याचा डावा हात हँडलवरनं सुटला, खाली आला, दोन बोटं बाहेर. आयडेलाचा हात टेबलाखाली होता. तिनं तिथं काय केलं ते मला दिसलं नाही.

तिनं राखी हेल्मेट आतनं पुसलं, काचेवरचे माझ्या बोटांचे ठसे पुसले, किमतीची चिठ्ठी परत बांधली आणि फळीवर ठेवलं. पट्टा कापलेलं डाळिंबी मी कचऱ्यात टाकायला उचललं. ती म्हणाली, "किडं पुसून टाक." मी ओल्या फडक्यानं पुसलं, मग टाकलं. खिळा मोकळा झाला. तिनं त्यावर कात्री अडकवली.

तेवढ्यात दार वाजलं. कर्टिस आला होता, हातात नवं हेल्मेट, गाल चोळत.

"अवो, गाल लई दुकत्यात. म्हणलं, एक माप वरचं..."

"कितींदा घातलंस?"

"दोनदा."

"दोनदात बायकू तरी वळखू आली व्हती का तुला?" तिनं एक हात टेबलावर टेकला, पाय जमिनीवर नीट आहेत का बघितलं आणि दुसऱ्या हातानं कोंबड्याची किल्ली पिळली. "घाल ते डोस्क्यात. आन् बस."