पौष शुद्ध अष्टमीचं औक्षण

पौष शुद्ध अष्टमीला पानपतावर आपली फौज कापली गेली, आणि त्याच दिवशी पुण्यात, शनिवार पेठेत, मी जन्मले. घरात साखर वाटली म्हणे. उत्तरेची बातमी यायला बरेच दिवस लागले. तोवर माझं बारसंही होऊन गेलं होतं.

माझे वडील काही लढवय्ये नव्हते. फौजेच्या मुदपाकखान्यात आचारी होते. झाऱ्याखेरीज दुसरं हत्यार त्यांनी कधी हातात धरलं नाही. ते परत आले नाहीत, आणि ते गेल्याचं सांगणाराही कोणी आला नाही.

पुढे दरवर्षी ती तिथी आली की आमच्या आळीत घरोघरी श्राद्धं. भटजी मिळायची मारामार, आणि कावळ्यांची तर अशी चैन, की वाढलेल्या पानाकडे ते ढुंकूनही बघत नसत. आमच्याकडे मात्र आई पहाटेच मला न्हाऊ घालून पाटावर बसवायची आणि ओवाळायची. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू. शेजारणी नाकं मुरडायच्या. मला आईचा कोण अभिमान वाटायचा!

अशी बारा वर्षं गेली. इतका काळ ज्याचा पत्ता नाही, त्याचा पुतळा करून दहन करावं, अशी रीत आहे. माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ, हात धुऊन मागे लागले.

"वहिनी, शास्त्र किती दिवस तुंबवून ठेवायचं?"

"शास्त्राला कसली घाई, भाऊजी? ते कुठे पानपतावर गेलं होतं?"

पण काकूची दोन मुलं पाळण्यातच गेली होती, आणि तिसरं पोटात होतं. घरातला आत्मा अडकून राहिलाय, असं जोशीबुवांनी सांगितलं. काकू नुसती आईच्या पायाशी येऊन बसली. आई तिच्या पोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "होऊन जाऊ दे."

ओंकारेश्वराच्या घाटावर पळसाच्या देठांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. मी वडील पाहिले ते एवढेच. मग घरी न्हावी आला.

काकूचं मूल जन्मलं आणि महिन्याभरात गेलं. त्यानंतर काकांनी शास्त्राचं नाव काढलं नाही. मला त्यांचा इतका राग आला होता, की त्यांच्या समोर मी पाणीही ठेवत नसे.

तोवर मी लग्न होऊन सासरी गेले होते, पण पुढच्या अष्टमीला मुद्दाम माहेरी आले. विधवेने ओवाळायचं नसतं, म्हणून निरांजन काकूने धरलं. आई लाल आलवणात, माजघराच्या दाराआड उभी होती. मी उठून तिच्या पाया पडायला वाकले, तर तिने चटकन पाय मागे घेतले.

"अगं, माझ्या नको," ती म्हणाली. "आज वाढदिवस ना तुझा?"