गप्पूला न जुमानणारी ओळ

वहिनी ऑफिसात सगळ्यांच्याच वहिनी. मी सख्खा दीर, म्हणून शेजारची खुर्ची माझी. शिरेतून औषध सोडणाऱ्या पंपाचा प्रोग्रॅम आम्ही लिहितो. आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर सारखा कुरकुरतो: हे असं का, ते तसं का. त्याचं तोंड बंद करायला एक फ्लॅग असतो, म्हणजे आज्ञेला जोडायचा एक शब्द. वहिनींनी त्याचं नाव ठेवलं होतं गप्पू.

दवाखान्यांना नव्या पंपासोबत कोरा अहवाल हवा होता. त्यात अशा कुरकुरीचा एकही इशारा नको, आणि खाली वहिनींची सही. वहिनींनी गप्पू लावला. चारशे बारा इशारे मुकाट बसले, एक उरला. कारण शेवटी सगळ्या फाइली जोडणारा लिंकर गप्पूला भीक घालत नाही. तो सांगत होता, डोसचा आकडा एका फाइलीत मोठ्या मापाचा आहे, दुसरीत लहान. म्हणजे डोस मोठा असला की पंप भलताच आकडा वाचणार.

ती दुसरी फाइल दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा, आता आम्हा दोघांचा साहेब. अकरा वर्षांपूर्वी त्याने ती लिहिली, आणि तिच्यावरच जुने पंप अजून चालतात.

“भावोजी, हा इशारा खरा आहे हो,” वहिनी म्हणाल्या.

“मग सांगा की दादाला.”

“सांगितलं. म्हणाले, आजवर काही झालंय का?”

सांगायला तोंड मलाही होतं. पण मला इथे चिकटवलं दादानेच. मी चहा आणायला उठलो. लाज वाटली, तरी उठलो.

परत आलो तर दादा टेबलाशी उभा. “अहवालातली तेवढी इशाऱ्याची ओळ खोड आणि सही कर. चारला पाठवायचंय.”

“अहो, दोन दिवस द्या, दुरुस्त करते.” ऑफिसात त्या त्याला सर म्हणतात. आज अहो निघालं.

“दुरुस्त केलंस की दवाखाने विचारतील, जुन्या पंपांचं काय? मग मी कुठे जाऊ?”

विचारलं असतंच. इकडे आड, तिकडे विहीर. बोलावं तर नवरा बुडतो, न बोलावं तर कुणाचं तरी माणूस. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी कपातला चहा ढवळत बसलो.

त्यांनी ओळ खोडली. सही केली.

“झालं का गप?” दादाने केबिनमधून विचारलं.

“हो,” वहिनी म्हणाल्या. “मी झाले.”