शेवटच्या पानावरच्या सह्या

सरोवराकाठच्या न्खोटाकोटा बंदराच्या धक्क्यावर माल तोलणारा वायसन कामवेंडो वाचनाचा भारी शौकीन. एकदा माशांच्या पाट्या तोलताना गोष्टीत असा काही रंगला, की पुस्तकासकट स्वतःच काट्यावर चढला आणि स्वतःचीच पावती फाडून मोकळा झाला!

महिना संपला की अंगणातल्या आंब्याखाली वही उघडायची आणि काय काय वाचलं ते बायकोला सांगायचं, हा त्याचा अकरा वर्षांचा नेम. जूनच्या शेवटच्या रविवारीही तो बसला.

"चार पुस्तकं झाली या महिन्यात!"

"छपराला भोकंही चारच झालीत," नाफिरी मक्याचं पीठ चाळत म्हणाली. "तिसरं कसलं होतं? रात्री एकटेच हसत होता."

"एक गाव पाणघोड्याला राजा करतं, त्याची गोष्ट. तो सगळ्यांची शेतं खातो आणि लोक टाळ्या वाजवतात."

नाफिरीची चाळणी थांबली. "हळू बोला की जरा."

पुस्तकं चौघांत फिरत. वाचून झालं की शेवटच्या पानावर सही आणि एका ओळीचा शेरा लिहून पुढच्याच्या हाती द्यायचं. या पुस्तकावर पहिली सही मातेम्बो मास्तरांची, दुसरी साइती शिंप्याची, तिसरी वायसनची. मास्तरांना बुधवारी एका गाडीतून नेलं होतं, साइतीला शुक्रवारी. कुठे नेलं, हे विचारायला कोणी गेलं नव्हतं.

तेवढ्यात चौथी वाचणारी, नर्स एनेलेसी, धापा टाकत आली. "दादा, ते पुस्तक दवाखान्यातल्या बाकावरून गेलं हो! मंगळवारीच. मला वाटलं, एखाद्या पेशंटनं उचललं असेल."

"सही केली होतीस?"

"छे, दोनच पानं वाचली होती."

"मग तू ते पाहिलंच नाहीस. जा, मागच्या वाटेनं जा."

ती गेली. वायसनला आपला शेरा आठवला: 'आपलाही अस्साच!' हौसेनं लिहिला होता, ठसठशीत अक्षरात. कोणतं पुस्तक कोणाकडून आलं आणि कोणाकडे गेलं, हेही वहीत नावानिशी होतं. अकरा वर्षांची नावं. त्यानं वही चुलीत घातली. नाफिरी काटकीनं पानं सुटी करत राहिली.

दुपारी दोन माणसं आली. कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं अगदी अदबीचं.

"कामवेंडो? तुम्हाला वाचायची आवड आहे म्हणे."

"यांना?" नाफिरी मधेच हसली. "काट्यावरचे आकडे वाचतात तेच पुष्कळ!"

एकानं खिशातून पुस्तक काढून शेवटचं पान उघडलं. "हे अक्षर तुमचं का? आणि तुमच्यानंतर कोणाला दिलंत?"

वायसननं पान नीट पाहिलं. तिसऱ्या सहीखाली कोरी जागा होती.

"अक्षर माझंच," तो म्हणाला. "दिलं कोणाला नाही. दवाखान्यात गेलो होतो, तिथे बाकावर विसरलो."

"चला तर," तो माणूस म्हणाला. "चपला घातल्या नाहीत तरी चालेल."