जपूनमावशी

आमच्या मावशीला कुणाला नुसतं "ये" किंवा "या" म्हणता यायचं नाही. दूधवाला असो, मीटर बघायला आलेला माणूस असो की माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी, कुणी दाराबाहेर पाऊल टाकलं की आतून आवाज यायचा, "जपून." आत येणाऱ्यालाही तेच. नेरुळच्या आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांनी तिचं नाव जपूनमावशी पाडलं आणि हळूहळू मोठी माणसंही तेच म्हणू लागली. तिला त्याचं वाईट वाटत नसे. "बरंच आहे की. नाव घेताना तरी खाली बघून चालतील," म्हणायची.

गंमत अशी की ही बाई दादरच्या एका शाळेत जन्मभर कवायत शिकवत होती. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि जिना चढताना मधली पायरी गाळायची सवय. माझी आई मी लहान असताना गेली आणि मला वाढवलं ते मावशीनं. तिनं स्वतः लग्न केलं नाही. ऐंशी सालानंतर आम्हाला नेरुळला फ्लॅट लागला तेव्हा ती नुकतीच निवृत्त झाली होती. माझा नवरा तळोज्याला कारखान्यात शिफ्टला, मी बेलापूरला सरकारी ऑफिसात. मावशी आमच्याकडे येणार की नाही, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलाच नाही.

भीती तिनं आजीच्या खाटेपासून आणली होती. माझी आजी गावी उंबऱ्याशी पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर ती कधी उभी राहिली नाही. मावशीनं बिनपगारी रजा काढून तिचं सगळं केलं. कुशीवर वळवणं, पाठीच्या जखमा धुणं, रात्रंदिवस कण्हणं ऐकणं. पुढं कधीतरी भाजी निवडता निवडता ती मला म्हणाली, "मरायला मी नाही घाबरत गं. पडून राहायला घाबरते." त्यातच दवाखान्यात कुणीतरी तिच्या डोक्यात भरवून दिलं होतं की म्हातारं माणूस पडतं म्हणून हाड मोडत नाही, हाड आधी आतल्या आत मोडतं, आणि म्हणून माणूस पडतं. हे तिला पटलं आणि तिची झोप उडाली. पाय जपून टाकता येतो, पण आतून मोडणाऱ्या हाडाला कसं जपायचं?

नव्या घरातल्या गुळगुळीत लाद्यांवर पहिल्याच वर्षी तिचा पाय सरकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले की हाडं ठिसूळ झाली आहेत, आणि त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या दिवसापासून मावशीचा सगळा भरवसा त्या पांढऱ्या गोळ्यांवर. सकाळी दुधाबरोबर, दुपारी जेवणानंतर, रात्री पुन्हा. चाळिशीच्या पुढची कुणीही बाई आमच्याकडे आली की तिच्या हातावर चहाच्या आधी गोळी पडायची. माझा नवरा म्हणायचा, "मावशी, अशानं तुमचा संगमरवरी पुतळा होणार." मावशी हसायची, पण गोळी चुकवायची नाही. मधूनच ती बोटाच्या पेरानं आपल्या नडगीवर टकटक करायची, नारळ पारखावा तशी, आणि मला बोलवायची. "ऐक बरं. पोकळ वाजतंय का?" मी कान लावून ऐकायची आणि भरीव वाजतंय म्हणून सांगायची. मला काय कळणार होतं, पण तिचा चेहरा तेवढ्यापुरता सैल व्हायचा.

गोळ्या वाढल्या तसं चालणं कमी झालं. "कवायतीत हाडं उधळली, आता शिल्लक आहेत ती पुरवून वापरायची," हा तिचा हिशेब. आधी बाजार सुटला, मग जिना सुटला. घरात भिंतीला हात लावून चालायची, त्यामुळे पॅसेजच्या रंगावर कमरेच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला होता. उन्हानं चक्कर येते आणि चक्कर आली की माणूस पडतं, म्हणून गॅलरीचा पडदा कायम ओढलेला. कवायतीच्या बाईंचे पाय माझ्या डोळ्यांदेखत काड्यांसारखे झाले.

तिची भीती मला कधी लागली, ते मला सांगता येणार नाही. घरी फोन नव्हता. काही झालं तर शेजारच्या देशपांडेवहिनी खाली दुकानात जाऊन माझ्या ऑफिसला फोन करणार, असं ठरलेलं. शिपाई दारातून म्हणायचा, "म्याडम, तुमचा फोन," आणि मला खुर्चीतून उठता यायचं नाही. फोन बहुतेक दुसऱ्याच कुणाचा असायचा. पण टेबलापासून फोनपर्यंत जाईस्तोवर मला मावशी लादीवर पडलेली दिसायची, अगदी पातळाच्या रंगासकट.

शेवटी मी तिला हाडांच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं आणि तिच्यासमोरच विचारलं, "या गोळ्यांचा खरंच उपयोग होतो का हो?" ते गृहस्थ सरळ होते. म्हणाले, "अंगात कमी असेल तर होतो. नुसत्या गोळ्यांनी हाड मोडायचं थांबेल, असं मी छातीठोक सांगणार नाही. ऊन घ्या, चाला. बसलं की हाड आणखी झिजतं." ऊन अजिबात मिळत नाही म्हणून त्यांनी ड जीवनसत्त्वाचं एक इंजेक्शन लिहून दिलं आणि तीन महिन्यांनी बोलावलं. घरी आल्यावर मावशी म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी कशाच्या जोरावर उभी होते?"

पुढच्या काही महिन्यांत ती बदलत गेली. सारखी तहान, पोट साफ नाही, जेवण उलटून पडायचं. मग शब्द सापडेनात. दुपारच्याला सकाळ म्हणायची. वय झालं, आम्ही मनाशी म्हटलं. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर ती दारात उभी राहून मला म्हणाली, "बाई घरी नाहीत, उद्या या." जिनं मला वाढवलं ती मला ओळखत नव्हती.

दवाखान्यात रक्त तपासलं तर त्यात कॅल्शियम भलतंच चढलेलं. डॉक्टरांनी काय काय घेता म्हणून खोदून विचारलं तेव्हा देशपांडेवहिनींनी सांगितलं, की आम्ही कामाला गेल्यावर एक कंपाउंडर येऊन ते इंजेक्शन टोचून जातो, आठवड्याच्या आठवड्याला. चिठ्ठी तीच, मोठ्या डॉक्टरांची. केमिस्टनं ती पुन्हा पुन्हा चालवून घेतली होती. एका इंजेक्शननं उपयोग होतो तर जास्तीनं जास्त होईल, एवढंच मावशीनं धरलं होतं. मला त्या कंपाउंडरचा असा संताप आला होता की तो समोर असता तर मी हात उगारला असता.

सलाईन लावलं, गोळ्या-इंजेक्शनं बंद झाली, आणि महिन्या-दीड महिन्यात मावशी परत आली. मला ओळखणारी, चहात साखर कमी म्हणून कुरकुरणारी. पण आता हाताशी काहीच नव्हतं. उरलं होतं ते चालणं, आणि नेमकी त्याचीच तिला भीती. मी रोज ऑफिसच्या आधी तिला घेऊन सारसोळ्याच्या खाडीच्या बाजूला जायची. ती माझा दंड असा आवळायची की नखांच्या खुणा ऑफिसात दिसायच्या. वाटेत सुकट वाळत घालणारी एक कोळीण रोज म्हणायची, "आजीबाय, बस ना जरा, पानी पी. उन लय हाय." मावशी म्हणायची, "बसले तर उठायचं कसं, बाई?" आणि चालत राहायची. थरथरत, देवाचं नाव घेत, पण चालत. काही वर्षं ती अशी चालली. ती वर्षं तिला उन्हानं दिली, चालण्यानं दिली, की आधीच्या गोळ्यांचाही त्यात वाटा होता, हे मला आजही माहीत नाही.

आणि मग एका सकाळी, धक्का नाही, घसरणं नाही, स्वयंपाकघरात वळता वळता तिच्या खुब्याचं हाड मोडलं. मी समोरच होते. खाली बसता बसता ती म्हणाली, "आधी मोडलं बघ. मग पडले." आवाज अगदी शांत होता.

मावशी या वेळी दवाखान्यातून घरी आली नाही. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात रक्ताची गाठ फुप्फुसात जाऊन ती गेली. त्या वेळी खिडकीशी खुर्चीत बसून चहा पीत होती. आज मी तिच्या त्या वयाची झाले आहे. माझे डॉक्टर मलाही गोळी देतात, सांगितली तेवढीच मी घेते, आणि न्हाणीघरात शिरताना रोज घाबरते.

त्या तिसऱ्या आठवड्याच्या आधीची एक सकाळ मात्र मला सांगायची आहे. खुब्यात प्लेट घालून काही दिवस झाले होते. तिला खाटेच्या कडेवर बसवून पुढ्यात वॉकर ठेवला होता आणि आज उभं राहायचं असं डॉक्टर सांगून गेले होते. मी तिचा दंड धरला होता. आजी मला आठवत होती, आणि तिलाही आठवत असणार.

"सोड," ती म्हणाली.

"नको मावशी. पडशील."

"पडले तर पडले. सोड तू."

मी सोडायचं ठरवलं, पण माझी बोटंच उघडेनात. तिनं ते पाहिलं. मग दुसऱ्या हातानं तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली, वॉकर धरला, आणि उभी राहिली.