खडूची रेघ

बारामती रस्त्यावर टपरीएवढ्या दुकानात कपडे शिवणारे एक टेलरमास्तर माझ्या ओळखीचे आहेत. ओठांत टाचणी धरूनच बोलतात, त्यामुळे त्यांची वाक्यं आखूड असतात. माप देताना मी पोट आत ओढलं की म्हणतात, "श्वास सोडा, रावसाहेब. पोट तुमचंच हाय."

मी पालिकेत कारकून. यंदा प्रभागांचा नकाशा करताना, जागेवर न जाता, खुर्चीत बसूनच मी त्यांच्या गल्लीच्या मधोमध हद्द ओढली. मास्तर एका प्रभागात गेले, समोर राहणारा सख्खा भाऊ दुसऱ्यात. म्हणजे नळाला पाणी आलं नाही, तर एकाच गल्लीनं दोन वेगळ्या प्रभागांचे नगरसेवक गाठायचे. मास्तरांनी घरोघर सह्या घेऊन हरकत दिली.

सुनावणीत साहेब कडाडले, "जागेवर कोण गेलं होतं?"

मी टेबलावरचा नकाशा उगाच सरळ करू लागलो.

मास्तर म्हणाले, "जाऊ द्या साहेब. कापडावर पयली रेघ खडूचीच असती. कात्री लागायच्या आत पुसली म्हंजे झालं."

गल्ली पुन्हा एका प्रभागात आली. बाहेर मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "रावसाहेब, सांजच्याला चहाला या. आमची गल्ली तुमी अजून बघितलीच न्हाय."